काचपट्ट्यांतली पाल

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला शेजारीपाजारी दोनच प्रश्न विचारतात. पाल विषारी असते का, आणि ती घरातून घालवायची कशी? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आपल्या भिंतीवरची पाल विषारी नसते. दुसऱ्याचं उत्तर मला कधी देववलं नाही. पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक पाहून अंगावर पडलेल्या पालीचं फळ ठरवणारी माणसं आमच्याही घरात होती. पण माझ्या नोकरीची बरीच वर्षं पालीच्या आणि सरड्याच्या पोटातल्या दोन इवल्या पिशव्या, म्हणजे त्यांची अंडाशयं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली. त्यानंतर झाडू घेऊन पालीच्या मागे लागणं जमेना.

आम्ही भिलाईचे मराठी. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि विदर्भातून कितीतरी घरं रेल्वेनं इकडे सरकली. त्यांतलंच आमचं एक. आम्ही टाऊनशिपच्या सेक्टरांत न राहता सुपेल्याजवळच्या वैशाली नगरात स्थिरावलो. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि प्रयोगशाळेत छत्तीसगढी, अशी माझी तिहेरी नोकरी झाली. एम.एस्सी.ला मात्र मी नागपूरला गेले. नागपूरच्या विज्ञान संस्थेत भ्रूणविज्ञानाची जुनी परंपरा होती. प्रा. मोघे आणि त्यांच्या मागून प्रा. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या भ्रूणवाढीवर केलेलं काम जगभर माहीत आहे. त्या परंपरेत वाढलेल्या शिक्षकांनी आम्हाला एक सवय लावली: आधी ऊतक नीट कापायला शिका, मग त्यावर बोला. वटवाघळं सोडून मी सरड्यांकडे वळले, कारण भिलाईत परतल्यावर कुंपणाकुंपणावर तेच दिसत होते.

आमच्या आवारात दोन प्रकारचे जीव हाताशी होते. भिंतीवरच्या हेमिडॅक्टायलस प्रजातीतल्या पाली, आणि मेंदीच्या कुंपणावर मान डोलावणारा बागेतला सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर. आमचे प्रयोगशाळेतले काका त्याला टेटका म्हणत आणि कुठल्या कुंपणावर मादी बसते हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळे. पोटानं फुगलेली, रंगानं मळकट, चाल जड झालेली मादी ते लांबून ओळखत.

मादी उघडल्यावर पहिल्यांदा अंडाशय दिसतच नाही, हंगामाबाहेर तर नाहीच. दिसतात ते पोटाच्या मागच्या भागातले चरबीचे दोन पिवळट पट्टे. हिवाळ्यानंतर ते भरलेले असतात आणि अंडाशय तांदळाच्या कणीएवढं असतं. उन्हं चढू लागली, नवतपा आला, की चित्र उलटं होतं. चरबी ओसरते आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या गोळ्यांचे घोस लटकू लागतात. एकाच मादीत चरबी आणि अंडी दोन्ही भरगच्च, असं सहसा दिसत नाही. अंड्यातला बलक कशातून आला, याचा पहिला पुरावा असा डोळ्यांनीच मिळतो.

सस्तन प्राण्यांचं अंडाशय घट्ट, मांसल असतं. सरड्याचं तसं नसतं. ती एक पातळ भिंतीची पोकळ पिशवी असते, आत लसीकाद्रवानं भरलेल्या जागा असतात, आणि वाढणाऱ्या अंडपुटिका त्या भिंतीतून आत-बाहेर फुगवटे काढतात. चिमट्यात धरली की पिशवी बसकी होते, म्हणून ती धरायची नाही, खालच्या पडद्यासकट उचलायची. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. हाताला ते कळायला वेळ लागतो.

मग बूइनचा द्राव: पिक्रिक आम्लाच्या संपृक्त द्रावणाचे 75 भाग, फॉर्मॅलिनचे 25 आणि ॲसेटिक आम्लाचे 5. त्यात बोटं अशी पिवळी होत की हळदीकुंकवाला गेल्यावर बायका विचारत, घरी काही कार्य आहे का. पुढे चढत्या क्रमानं अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं पॅराफिन मेण. इथे सरड्याचं अंडाशय परीक्षा पाहतं. बलकानं भरलेली पुटिका मेणात कडक आणि ठिसूळ होते. मायक्रोटोमच्या पात्याखाली तिची भुकटी होते आणि शेजारच्या कोवळ्या पुटिकाही फाटतात. अल्कोहोल आणि झायलीनमधला वेळ कमी करणं, कापण्याआधी ब्लॉकचा उघडा पृष्ठभाग थंड पाण्यात भिजवणं, असे उपाय एकमेकांना विचारून शिकायचे.

त्यात भिलाईचा उन्हाळा. सरड्याच्या अंडाशयाचा सगळ्यात महत्त्वाचा काळ मे-जून, आणि तेव्हाच दुपारी पारा 45 अंशांकडे जातो. मेणाची फीत पात्याला चिकटते, सुरकुतते, तिची घडी होते. म्हणून आम्ही सकाळी उजाडता उजाडता प्रयोगशाळा उघडायचो. काका बर्फ आणून ठेवायचे, ब्लॉक त्यावर टेकवायचा आणि दहा वाजायच्या आत पाच-सात मायक्रॉन जाडीच्या फिती कापून कोमट पाण्यावर पसरायच्या. अंड्याचं पांढरं आणि ग्लिसरीन यांच्या लेपानं त्या काचपट्टीला चिकटवायच्या. हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी-जांभळी आणि इओसिननं बाकीचं गुलाबी झालं की मगच सूक्ष्मदर्शकाकडे जायचं.

आता तिथे काय दिसतं ते सांगते, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

अंडाशयाच्या वरच्या बाजूला, जिथून ते पडद्याला लटकतं तिथे, पेशींची एक छोटी दाट चकती असते. हिला जननस्तर म्हणतात. प्रत्येक अंडाशयात तो जातीनुसार एक किंवा दोन असतो. त्यात मूळ अंडजनक पेशी गटागटानं बसलेल्या असतात आणि त्यांतल्या काही विभागताना पकडल्या जातात. ही विभागणी प्रौढ मादीतही चालू असते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं. माणसाच्या मुलीत अंडपेशी तयार होण्याचं काम जन्माआधीच संपतं. जन्मावेळी दहा ते वीस लाख पेशी असतात आणि पुढे त्या फक्त कमी होत जातात. सरड्याची मादी मात्र दर हंगामात नव्या अंडपेशी घडवते.

एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘‘मॅडम, टेटक्याला जमतं ते आपल्याला का नाही?’’ याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 2004 साली अमेरिकेतल्या एका गटानं प्रौढ उंदरातही नव्या अंडपेशी बनतात असा दावा केला आणि त्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, एवढं मी तिला सांगितलं. चांगल्या प्रश्नाला अर्धं उत्तर दिलं तरी वर्ग जागा राहतो.

जननस्तरातून बाहेर पडणारी अंडपेशी अर्धसूत्री विभाजन सुरू करते आणि मध्येच थांबते. त्या थांबलेल्या अवस्थेत तिच्याभोवती पेशींचं वेष्टन चढतं आणि पुटिका तयार होते. बाहेर संयोजी ऊतकाचे थर, मग तळपटल, मग कणपेशींचा थर, मग पारदर्शक पटल आणि आत अंडपेशी. पक्ष्यांत आणि कासवांत हा कणपेशींचा थर बराच एकसारखा दिसतो. सरडे आणि साप यांच्यात मात्र काही वेगळंच घडतं, आणि मी या विषयाला चिकटून राहिले ती त्यामुळेच.

कोवळ्या पुटिकेत कणपेशींचा थर एकपदरी असतो. ती वाढू लागली की तो जाड, बहुपदरी होतो आणि त्यात तीन प्रकारच्या पेशी दिसतात: लहान, मध्यम, आणि मोठ्या सुरईच्या आकाराच्या. या सुरईपेशींचं निमुळतं तोंड पारदर्शक पटलातून थेट अंडपेशीपर्यंत पोहोचतं आणि तिच्याशी जोडलेलं असतं. दोन पेशींमध्ये जणू भिंतच राहत नाही. त्या वाटेनं सुरईपेशीतला ऐवज अंडपेशीत उतरतो: आरएनए, रायबोसोम, तंतुकणिका. नेपल्स विद्यापीठातल्या फिलोझा, आंद्रेउचेत्ती, ताद्देई अशा संशोधकांनी इटलीतल्या पोडार्सिस सिक्युला या सरड्यावर वर्षानुवर्षं काम करून हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. आपल्याकडे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या सरदूलसिंग गुराया यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या अंडपुटिकांवर 1989 साली अख्खा ग्रंथ लिहिला. आमच्यासारख्यांचं संदर्भाचं घर तेच.

बलक भरायची वेळ आली की सुरईपेशी मरतात. अपघातानं नव्हे, ठरल्याप्रमाणे. त्यांची केंद्रकं आक्रसतात, तुकडे होतात आणि थर पुन्हा एकपदरी होतो. इटलीतल्या सरड्यात पुटिका साधारण दीड-दोन मिलिमीटरची झाली की हे होतं. वर्गात या ठिकाणी कुणाला तरी हमखास आईची उपमा सुचते: स्वतः झिजून लेकराला वाढवणारी. मी ती वहीत लिहू देत नाही. सुरईपेशीला त्यागाची जाणीव नसते आणि ती आईही नसते. ती कणपेशींच्या थरातली, आपलं काम संपलेली एक पेशी असते. उपमा दिली की विद्यार्थी बघायचं थांबवतात. सुरईचं तोंड पटलातून गेलेलं दिसतंय का, केंद्रक आक्रसलेलं आहे का, हे बघणं महत्त्वाचं.

बलकाची गोष्ट अंडाशयात सुरूच होत नाही. पुटिकेत तयार होणारं इस्ट्रोजेन रक्तातून यकृतापर्यंत जातं, यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते रक्तातून परत अंडाशयात येतं. कणपेशींच्या फटींतून ते अंडपेशीच्या कडेला पोहोचतं, तिथे लहान लहान बुडबुड्यांत ओढून घेतलं जातं आणि बलकाच्या कणांत बदलतं. म्हणजे पोट उघडल्यावर जे सगळ्यात आधी डोळ्यात भरतं, त्यातला बहुतेक माल अंडाशयाचा नसतोच. चरबीचे पट्टे रिकामे का झाले, त्याचं कारणही इथेच सापडतं.

सगळ्याच पुटिका शेवटापर्यंत जात नाहीत. कित्येक मध्येच थांबतात, त्यांच्याच भिंतीतल्या पेशी आत शिरून बलक खाऊन टाकतात आणि शेवटी एक गाठ उरते. ज्या पुटिका पिकतात त्यांतून अंडं बाहेर पडून अंडवाहिनीच्या झालरीत जातं, आणि मागे राहिलेल्या रिकाम्या पिशवीचा पीतपिंड होतो. अंडं शरीरात असेपर्यंत तो प्रोजेस्टेरॉन देतो, अंडी घातल्यावर विरतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सायदापूर, शानभाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बागेतल्या सरड्यावर दीर्घकाळ काम केलं. अंडी घालायला योग्य माती मिळाली नाही तर मादी तयार अंडी अंडवाहिनीतच दीर्घकाळ धरून ठेवते, आणि त्या काळातलं प्रोजेस्टेरॉन आणि पीतपिंडाचं वागणं कसं असतं, हे त्यांच्या कामातून आम्हाला समजलं. वैशाली नगरात घरांभोवतीची मोकळी माती दरवर्षी काँक्रीटखाली जाताना पाहून मला हे काम वारंवार आठवतं. पाऊस पडला, माती भिजली, की मादीला खणायला वीतभर जागा लागते. तीच जागा आपण फरशीनं बंद करतो.

पालीचं गणित वेगळं. सरडा एका वेळी दहा-वीस अंडी घालतो. हेमिडॅक्टायलस पाल बहुधा दोन. प्रत्येक अंडाशयात एका वेळी एकच पुटिका पिकते, त्यामुळे दोन अंडी, एकेका बाजूची एकेक. सरड्याचं कवच चामड्यासारखं लवचीक असतं, पालीचं चुन्याचं आणि टणक. त्या चुन्याचा साठा काही पालींच्या मानेत दोन्ही बाजूंना पांढऱ्या पुंजक्यांसारखा बाहेरूनही दिसतो. दिल्लीत सन्याल आणि प्रसाद यांनी उत्तर भारतातल्या घरपालीचं प्रजननचक्र तपासून 1967 साली ते छापलं. भिंतीवरच्या इतक्या परिचित जिवाच्या वर्षभराचा हिशेब मांडणारं ते काम आजही वाचनीय आहे.

आता त्या बाजूकडे येते जिच्याबद्दल शिक्षक लोक एकमेकांत पुष्कळ बोलतात आणि लिहीत मात्र नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2011 साली पदवी-पदव्युत्तर वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करण्याची मार्गदर्शक सूचना काढली आणि 2014 साली त्यावर बंदीच आली. सहकाऱ्यांपैकी काहींना वाटलं, आता विषयाचा कणाच गेला. मला तसं वाटलं नाही. दरवर्षी शंभर मुलांनी तीच माहीत असलेली रचना पुन्हा पाहण्यासाठी जीव मारावेत याला काही अर्थ नव्हता. संशोधनासाठी नियम आहेत, समित्या आहेत, परवानग्या आहेत. ते आहे ते ठीकच आहे.

प्रश्न वेगळाच उभा राहिला. काचपट्टीवर काळ नसतो. एका पट्टीवर एका मादीचा एकच क्षण गोठलेला असतो. सुरईपेशी वाढल्या, त्यांनी ऐवज दिला, मग त्या मेल्या, ही गोष्ट कुठल्याही एका पट्टीत नाही. ती वेगवेगळ्या महिन्यांतल्या, वेगवेगळ्या माद्यांच्या पट्ट्या एका ओळीत लावल्यावर तयार होते. म्हणजे अंडपेशीची वाढ शिकवायची तर संपूर्ण संच लागतो, आणि तो नव्यानं करायचा म्हणजे पुन्हा तितके जीव. बंदीनंतर जुन्या संचांची किंमत कितीतरी पटींनी वाढली. आणि नेमक्या त्याच काळात मी एका महाविद्यालयात पाहिलं, की प्रयोगशाळेच्या दुरुस्तीत काचपट्ट्यांच्या लाकडी पेट्या भंगारात निघाल्या होत्या. ‘‘जुन्या आहेत, रंग उडालाय,’’ असं उत्तर मिळालं. पेटीतल्या अर्ध्याअधिक पट्ट्या अजून वाचता येत होत्या.

तेव्हापासून शिकवण्याची पद्धत बदलली. आधी मुलांना जिवंत पाल दाखवते. संध्याकाळी खिडकीच्या काचेवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, अंड्यावरच्या पालीचं पोट खालून पाहिलं की पातळ कातडीतून दोन पांढरट गोळे स्पष्ट दिसतात. कुणाला हात लावायचा नाही, काही कापायचं नाही. मानेवरचे चुन्याचे पुंजके दिसतात का, ते शोधायचं. घरी परतल्यावर प्रत्येकानं आपल्या भिंतीवरच्या एका मादीची नोंद महिनाभर ठेवायची: पोट कधी भरलं, कधी सपाट झालं, पिलू कधी दिसलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली जुनी पट्टी. तिथे मुलं विचारतात, ‘‘मॅडम, ही कोणत्या महिन्यातली मादी?’’ चिठ्ठीवर महिना, जागा आणि रंगद्रव्य लिहिलेलं असेल तरच त्याचं उत्तर देता येतं. चिठ्ठी गेली की पट्टी नुसतं चित्र होते.

मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर धरून काढलेली छायाचित्रं आता उत्तम येतात. मुलींनी आमच्या संचाची छायाचित्रं काढून प्रत्येकीखाली जात, गाव, महिना, जाडी आणि रंगद्रव्य टंकलं. वरची काच चिकटवणारा बाल्सम पिवळा पडलेल्या पट्ट्यांतूनही जननस्तरातल्या विभागणाऱ्या पेशी ओळखता आल्या. एका मुलीनं सुरईपेशीचं तोंड पटलातून जाताना इतकं नेमकं टिपलं, की तेच चित्र आता मी व्याख्यानात वापरते.

महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्राणिशास्त्र-शिक्षकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. तुमच्या विभागाच्या कपाटात नक्की एखादी जुनी पेटी पडलेली असेल. तिच्यातल्या पट्ट्या बाहेर काढा, मऊ कापडानं पुसा, चिठ्ठ्या वाचा, न वाचता येणाऱ्यांसाठी निवृत्त सहकाऱ्यांना फोन करा, छायाचित्रं काढा आणि शेजारच्या महाविद्यालयाला द्या. पट्ट्या कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आडव्या ठेवा. त्या करण्यासाठी जे जीव गेले त्यांचा हिशेब आता बदलता येत नाही; त्यांच्यापासून शिकायचं अर्धवट सोडणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ते आपण करू नये.